वर्ल्ड स्काऊट जांबोरीत आयएसटी म्हणून जायचंय? माझा अनुभव आणि तुमचे प्रश्न

रानवाटा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी ओझरतं लिहिलं होतं, की २०१९ साली अमेरिकेत वर्ल्ड स्काऊट जांबोरीला मी आयएसटी, म्हणजे स्वयंसेवक, म्हणून गेलो होतो. त्यावर चार-पाच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. प्रश्न साधारण सारखेच आहेत, म्हणून वेगळा धागा काढतोय.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. जांबोरी हा शब्द मुंबईकरांनी वरळीच्या मैदानामुळे ऐकलेला असतो. स्काऊटिंगमध्ये जांबोरी म्हणजे मोठा मेळावा. वर्ल्ड जांबोरी दर चार वर्षांनी एका देशात भरते. पहिली १९२० साली लंडनच्या ऑलिंपियात भरली, ३४ देशांतली ८,००० मुलं आली होती. आमची चोविसावी, २२ जुलै ते २ ऑगस्ट २०१९, वेस्ट व्हर्जिनियातल्या समिट बेकटेल रिझर्व्हवर. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको असे तीन यजमान होते. दीडशेहून जास्त देश आणि साधारण ४५,००० माणसं.

भाग घेणारी मुलं १४ ते १७ वयाची असतात. अठरा पूर्ण झाली की तो दरवाजा बंद. मग एक तर तुकडीचा लीडर व्हायचं, नाही तर आयएसटी, म्हणजे इंटरनॅशनल सर्व्हिस टीम. एवढं गाव बारा दिवसांसाठी माळावर वसतं, त्याचं जेवण, पाणी, कचरा, बसगाड्या, दवाखाना, स्टेजच्या तारा, चौकशीची खिडकी हे सगळं ही हजारो माणसं चालवतात. पगार नसतो. उलट फी आपण भरायची, विमानाचं तिकीट आपलं, रजा आपली. झोपायला तंबू.

मी साताऱ्याकडच्या एका गावातल्या शाळेचा स्काऊट. राज्य पुरस्कारापर्यंत पोचलो, दहावीनंतर सुटलं. पुढे शार्लटला नोकरी, संसार, आणि धाकटा इथल्या ट्रूपमध्ये (स्काऊट पथकात) जायला लागल्यावर पंचवीस वर्षांनी पुन्हा गळ्यात स्कार्फ आला. अर्जात कामाच्या तीन पसंती लिहायच्या होत्या. मी लिहिलं: कड्यावरची चढाई, झिपलाइन, जंगलातल्या वाटा. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला तेच सुचणार. चार महिन्यांनी पत्र आलं. काम: शिधावाटप.

खरं सांगतो, दोन दिवस मी नाराज होतो. रजा खर्च करून, पैसे भरून खोकी उचलायला जायचं का, असं बायकोपाशी बोललोही. आज कुणी विचारलं की पुन्हा कुठलं काम घ्याल, तर मी दुसरं काही मागणार नाही. ते का, हे सांगायलाच हा धागा आहे.

पहाटे साडेचारला उठायचो. त्या डोंगरांत उन्हाळ्यातही पहाटे धुकं इतकं दाट, की शेजारच्या तंबूची दोरी पायात अडकेपर्यंत दिसायची नाही. पाचला ट्रक लागायचे. आमच्या पाळीत डेन्मार्कची एक निवृत्त नर्स, तैवानचे एक शिक्षक, ब्राझीलची दोन कॉलेजची पोरं आणि मी. साखळी करून खोकी उतरवायची, फोडायची, फळ्यांवर लावायची. सातपासून पॅट्रोलची, म्हणजे स्काऊटांच्या छोट्या गटांची, मुलं शिधा न्यायला यायची, कारण स्वयंपाक तीच करायची. एका हातगाडीला तीन पोरं आणि चौथं यादी घेऊन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गोष्ट. उत्तर आफ्रिकेतल्या एका देशाची चार मुलं मार्शमेलोची (साखरेच्या मऊ मिठाईची) पिशवी उलटीसुलटी करत कोपऱ्यात उभी होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मी ओळखला. आमचं घर माळकरी, अंडंही नाही. अमेरिकेत आल्यावर पहिले सहा महिने मी मार्शमेलो खात होतो, आणि त्यात जनावराचं जिलेटिन असतं, बहुतेक वेळा डुकराचं, हे एका सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा पोटात जे झालं ते अजून आठवतं. मी जाऊन सांगितलं. मुलांनी काही न बोलता पिशवी परत ठेवली. मग त्यातला लहानसा मुलगा हळूच म्हणाला, "बाकीचं कशाकशात आहे?"

मला उत्तर देता येईना. फळ्यांवर दोनेकशे वस्तू, सगळ्यांच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरं, आणि निम्म्या मुलांना ती वाचता येत नव्हती.

त्या रात्री तैवानचे गुरुजी आणि मी रिकाम्या खोक्यांची झाकणं कापून बसलो. गुरुजींचा हात फार सुंदर. डुक्कर, गाय, मासा, अंडं, शेंगदाणा अशी चित्रं त्यांनी जाड मार्करने काढली, मी एकेक डबा डोक्याला बांधलेल्या विजेरीच्या उजेडात वाचून कुठल्या फळीवर काय लावायचं ते सांगत गेलो. डेन्मार्कच्या बाई झोपायला निघाल्या होत्या, त्या परत येऊन दोऱ्या कापत बसल्या. दीड वाजला. सकाळी ती मुलं आली, वर बघितलं, आणि यादीवाला मुलगा चित्रांवर बोट ठेवत सरळ चालत गेला. कुणाला काही विचारावं लागलं नाही. जाताना त्याने डावा हात पुढे केला, स्काऊट हस्तांदोलन करतात तो डावा हात. गुजरातच्या एका मुलीने तिसऱ्या दिवशी कांद्याचंही चित्र मागितलं. तेही लागलं.

झिपलाइन मी सुटीच्या दिवशी खालून पाहिली. छान होती.

विचारा काय विचारायचं ते. माहीत असेल तेवढं सांगतो.

पाऊलखुणा

सुरेख लिहिलंय. चित्रांचा प्रसंग वाचून थांबले दोन मिनिटं. वाचनखूण साठवली.

डोंबिवलीची_आई

रानवाटा, व्यनि करणाऱ्यांत मीही होते. मुलगी अठराची होईल यंदा, कॉलेजात रेंजर (मोठ्या वयाची गाईड, म्हणजे मुलींमधली स्काऊट) आहे, शाळेत राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता. पुढची जांबोरी २०२७ ला पोलंडमध्ये आहे असं तिच्या मॅडमनी सांगितलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. माझे प्रश्न सरळ आहेत. एकटी मुलगी, परका देश, तंबूत राहणार. सुरक्षिततेचं काय? अर्ज कुठे करायचा? आणि खर्च साधारण किती येतो? तिचे बाबा म्हणतात तेवढ्या पैशात एखादा कोर्स होईल. मला दोन्ही बाजू कळतात, म्हणून विचारतेय.

रानवाटा

ताई, एकेक घेतो.

अर्ज स्वतंत्रपणे करता येत नाही. आपल्या देशाच्या संघटनेमार्फतच जावं लागतं, म्हणजे तिच्यासाठी भारत स्काऊट्स आणि गाईड्स. तिच्या मॅडमकडून जिल्हा कार्यालय, तिथून राज्य, तिथून दिल्ली असा प्रवास असतो. कागद हलायला वेळ लागतो, म्हणून आत्ताच चौकशी सुरू करा. जागा पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराच्या सोबिएशेवो बेटावर, बाल्टिकच्या काठी. फी सगळ्या देशांना सारखी नसते, देशाच्या ऐपतीप्रमाणे गट पाडलेले असतात, त्यामुळे माझ्या फीचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. शिवाय विमान, व्हिसा, विमा, आणि दोन-तीन हजारांचे चांगले बूट. बुटांत काटकसर नको.

सुरक्षिततेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मीही बाप आहे. 'सेफ फ्रॉम हार्म' नावाचं प्रशिक्षण प्रत्येक मोठ्या माणसाला सक्तीचं असतं. ते ऑनलाइन पूर्ण केल्याशिवाय आत घेत नाहीत. न्हाणीघरं मुलांची वेगळी, मोठ्यांची वेगळी. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: कुठल्याही मोठ्या माणसाने एका मुलासोबत एकट्याने राहायचं नाही.

हा नियम मला कागदावर कोरडा वाटला होता. एका रात्री पाळी संपवून येताना पाण्याच्या टाकीमागे एक मुलगा रडत बसलेला दिसला. असेल पंधरा वर्षांचा. घरची आठवण. माझ्या पोटच्या पोरासारखा, वाटलं जवळ बसावं, पाठीवर हात ठेवावा. नियमाने तसं करता येत नव्हतं. मी चार पावलांवर, दिव्याच्या उजेडात, त्याला दिसेन असा बसलो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या पहिल्या आयएसटीला हाक मारली. ती ऑस्ट्रेलियाची एक मुलगी होती. मग आम्ही दोघं बसलो. पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. नंतर तो स्वतःच बोलायला लागला, त्याच्या कुत्र्याबद्दल. त्याच्या लीडरकडे त्याला पोचवलं तेव्हा त्या बाईंनी आम्हा दोघांकडे बघितलं, दोघंजण आहोत हे पाहून त्यांच्या खांद्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. तुमच्या मुलीच्या बाबतीतही तिथली माणसं हेच पाळतील.

कोर्सचं मी काय सांगू. कोर्स पुढच्या वर्षीही असतो. पण घरची परिस्थिती तुमची तुम्हाला माहीत, त्यावर मी बाहेरून बोलणं बरोबर नाही.

निशिगंध

मी २०२३ ला कोरियात होते, सेमांगमच्या पंचविसाव्या जांबोरीत. आयएसटी, वय तेव्हा २२, कोल्हापूरची. त्या जांबोरीबद्दल सगळ्यांनी बातम्यांत वाचलं असेल, त्यामुळे कुणाला जायचं असलं की घरचे आधी तेच काढतात. म्हणून लिहितेय.

ती जमीन समुद्र हटवून तयार केलेली. ३३.९ किलोमीटरचा बांध घालून आत मिळवलेली. सपाट, एक झाड नाही. आधी पाऊस झाल्यामुळे जागोजाग पाणी साचलेलं, म्हणून तंबूखाली घालायला काळे प्लास्टिकचे पाट दिले होते. वर ३५ अंशांच्या आसपास ऊन आणि समुद्राचा दमटपणा. सावली म्हणजे वेली चढवलेले मांडव, दुपारी सगळं गाव त्यांच्याखाली. पाय किडे चावून सुजलेले. चौथ्या-पाचव्या दिवशी ब्रिटनची साडेचार हजारांची तुकडी निघून सोलला गेली, अमेरिका आणि सिंगापूरही गेले. मग खानून वादळ कोरियाकडे वळलं आणि ८ ऑगस्टला सगळं मैदानच रिकामं केलं. हजाराहून जास्त बसगाड्या लागल्या. कुठे काय चुकलं यावर तिकडे पुढे खूप चर्चा झाली, त्यात मी शिरत नाही. मला माझ्या कामापुरतं माहीत आहे.

माझं काम प्रथमोपचाराच्या तंबूबाहेर. मुलं चालत यायची आणि सावलीत आली की खाली बसायची. आमच्याकडे एक कोष्टक होतं: नाव, देश, आल्याची वेळ, शेवटचं पाणी कधी प्यायलं, शेवटची लघवी कधी झाली. हा शेवटचा प्रश्न विचारायला मुली लाजायच्या, म्हणून तो माझ्याकडे आला. आई आजारी असताना आपण घरात विचारतो तितक्या सहज विचारायचं, हे मी दोन दिवसांत शिकले. ज्या मुलीने "सकाळपासून नाही" म्हटलं तिला आधी आत पाठवायचं. जी खूप बोलतेय, रडतेय, तिच्यापेक्षा जी गप्प बसलीय आणि तिला घाम येत नाहीये तिच्याकडे आधी बघायचं. हे डॉक्टरांनी एकदाच सांगितलं, मी आयुष्यात विसरणार नाही.

८ तारखेला बस सुटताना मी मोजणीला होते. प्रत्येक बसमध्ये चढायचं, मोजायचं, उतरायचं, मग लीडरने मोजायचं, आकडा जुळला की दार बंद. सकाळी नऊपासून. एका बसमध्ये आकडा एकने कमी येत होता. तिसऱ्यांदा मोजताना मागच्या सीटखाली पोतं उशाला घेऊन झोपलेला मुलगा सापडला. बस पाच मिनिटं थांबली. मागच्या बसवाल्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

आम्हाला एका विद्यापीठाच्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या खानावळीतल्या आजींना इंग्रजी येत नव्हतं. मी मांस खात नाही हे त्यांना पहिल्या रात्री हातवाऱ्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं ताट वेगळं झाकून ठेवलं होतं. भात, पालक, काकडी.

११ तारखेला सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियमवर समारोप झाला. मुलं नाचली. आम्ही आयएसटी मागच्या बाजूला पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगावर बसून बघितलं. डोंबिवलीच्या काकू, लेकीला पाठवा. फक्त तिला उन्हात काम करायची सवय आत्तापासून लावा.

रानवाटा

निशिगंध, तुझ्या प्रतिसादाचा वेगळा धागा व्हायला हवा. घाम न येणाऱ्या मुलीकडे आधी बघायचं, हे मी माझ्या ट्रूपमध्ये या शनिवारी सांगणार आहे.

तळटीप

अनुभव चांगले आहेत, पण एक मुद्दा मांडतो, राग मानू नये. लाखो रुपये खर्चून दुसऱ्या खंडात जाऊन खोकी उचलायची, याला सेवा म्हणावं का? आपल्याकडे वारीत दर वर्षी पाणी वाटायला, पाय चेपायला, कचरा उचलायला माणसं लागतात. पंढरपूर एसटीने जाता येतं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच अशी सेवा परवडते. गावातल्या रोव्हरने (मोठ्या वयाच्या स्काऊटने) काय करायचं?

रानवाटा

राग कसला. मुद्दा बरोबरच आहे, मलाही तो टोचतो. माझ्या शाळेतल्या पॅट्रोलमधला माझ्यापेक्षा कितीतरी चांगला स्काऊट आज गावात गाडी चालवतो. गाठ मारण्यात त्याचा हात कुणी धरायचं नाही. जांबोरीला मी गेलो, कारण माझ्याकडे तिकिटाचे पैसे होते. गरीब देशांच्या तुकड्यांना मदतीचा निधी असतो, फीचे गट असतात, तरी प्रत्येकाला पुरतं असं नाही.

वारीबद्दल एवढंच, की माझी आजी आळंदीहून चालत जायची आणि मी दोन वर्षं फलटणच्या मुक्कामात पाण्याच्या टँकरवर होतो. ते काम कमी आणि हे मोठं असं मला कधी वाटलं नाही. उलट, शिधावाटपात मला पहिल्या दिवसापासून सुचत गेलं ते टँकरवरच्या त्या दोन वर्षांमुळे. रांग कुठे वळवायची, म्हाताऱ्या माणसाला कुठून सोडायचं, पाणी संपत आलं की कधी सांगायचं आणि कधी नाही. फरक एकच. वारीत सगळ्यांची भाषा एक असते, न बोलताही एकमेकांचं कळतं. तिथे मात्र त्या चार मुलांना काय चालत नाही हे मला विचारून, वाचून, चित्र काढून कळवून घ्यावं लागलं. ते शिकायला मला तिथे जावं लागलं, हे खरं आहे.

सांगलीचे_मास्तर

मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत शिक्षक आणि स्काऊट मास्तर होतो. तळटीप यांच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर देतो.

परदेशीच जायला हवं असं नाही. २०२३ च्या जानेवारीत राजस्थानात पालीजवळ रोहट इथे आपली अठरावी राष्ट्रीय जांबोरी झाली. पस्तीस हजारांच्या वर मुलं. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी सेवेला गेलो. आमची नेमणूक स्वच्छतेवर. पहाटेची थंडी अशी की नळाखाली हात धरवत नव्हता. संडासांच्या रांगेला पाणी पोचतंय का, हे दर दोन तासांनी बघायचं. या कामाला कुणी आनंदाने येत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून रोव्हरांना सांगण्याआधी पहिली बादली मी उचलली. दुसऱ्या दिवसापासून सांगावं लागलं नाही. मुलांच्या मेळाव्यात आजारपण पसरतं ते इथूनच. पोटं बिघडली की मग ना शेकोटी, ना झेंडा, ना संचलन.

पैशांचं म्हणाल तर आपल्याकडे 'खरी कमाई', म्हणजे स्काऊट मुलांनी छोटी कामं करून पैसे मिळवायचा उपक्रम, आहेच. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी रोहटचं भाडं खरी कमाईतून उभं केलं. दिवाळीत आकाशकंदील केले, ऊसतोडीच्या दिवसांत बैलांच्या शिंगांना रंग लावून दिला, सोसायटीच्या गोदामात पोती मोजली. उरलेले गावाने घातले. पोलंडला जाण्याइतके एवढ्यात जमणार नाहीत हे मान्य. पण ज्या मुलाने अर्धे जमवून दाखवले त्याच्यासाठी उरलेले अर्धे मागायला मास्तरला तोंड असतं.

रानवाटा, तुमच्या मित्राचं वाचलं. त्याला सांगा, शाळेत आठवड्यातून एक तास द्यावा. गाठी शिकवायला माणूस मिळत नाही आता.

रानवाटा

मास्तर, नमस्कार करतो. आजच त्याला फोन करतो.

मढकर

थोडं अवांतर, पण जांबोरीचा विषय निघालाय आणि आमच्या मढ गावाचा त्याच्याशी एक संबंध आहे जो फार जणांना माहीत नाही.

१९६३ ची अकरावी वर्ल्ड जांबोरी ग्रीसमध्ये मॅरेथॉनला होती. फिलिपिन्सच्या तुकडीतली २४ जणं तिकडे निघाली होती. विमान युनायटेड अरब एअरलाइन्सचं, कॉमेट जातीचं, पूर्वेकडून येऊन मुंबईला उतरून पुढे कैरोला जायचं. २८ जुलैला रात्री, धो धो पावसात, ते सांताक्रूझला उतरायच्या आधी मढच्या समोर समुद्रात कोसळलं. ६३ माणसं होती. एकही वाचलं नाही.

माझे आजोबा तेव्हा तिशीतले. सांगायचे, की ते नारळी पौर्णिमेच्या आधीचे दिवस, होड्या ओढून वर शाकारलेल्या, आणि समुद्र असा की कुणी पाय घालणार नाही. तरी किनाऱ्यावर कंदील घेऊन माणसं रात्रभर उभी होती. ती पोरं कोण, कुठे चालली होती, हे आजोबांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मलाही नोकरीनिमित्त मनिलाला गेल्यावर कळलं. तिथे क्वेझॉन सिटीत एका भागात रस्त्यांची नावं 'स्काऊट अमुक', 'स्काऊट तमुक' अशी आहेत, आणि चौकात स्मारक. टॅक्सीवाल्याला विचारलं ही नावं कुणाची, तर म्हणाला, विमान पडून गेलेल्या मुलांची, इंडियाजवळ. मी म्हटलं, कुठे? तो म्हणाला, बॉम्बे.

मी त्याला गाडी थांबवायला सांगितलं. उतरून पाट्या वाचत चालत गेलो. परत आल्यावर आईला सांगितलं. त्या वर्षीपासून नारळी पौर्णिमेला आमच्या घरून दोन नारळ जातात.

पाऊलखुणा

मढकर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी मनोरीला दर वर्षी जाते, त्याच समुद्राकडे बघत बसते.

निशिगंध

कोरियात आमच्या शेजारच्या तंबूत फिलिपिन्सच्या मुली होत्या. एकीने मला बॅज दिला होता. मुंबईजवळची का, असं तिने विचारलं होतं आणि मी नाही, कोल्हापूरची म्हणून सांगितलं. तिने का विचारलं असेल ते आत्ता कळलं.

ओंजळ

डोंबिवलीची_आई, एक जवळचा मार्ग सुचवते. पुण्यात 'संगम' आहे, आळंदी रोडला. जगभरच्या गाईड्सची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत त्यातलं हे एक, १९६६ साली सुरू झालेलं. बाकीची स्वित्झर्लंड, मेक्सिको, लंडन अशी. पुण्यात राहून निम्म्या पुणेकरांना ते माहीत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मी कॉलेजात असताना तिथे दोन सुट्ट्या काम केलं. निरनिराळ्या देशांच्या मुली येतात, आपण त्यांच्याबरोबर राहायचं, शहर दाखवायचं, स्वयंपाकघरात मदत करायची, गाद्या उन्हात घालायच्या. एकदा दहा जणींना तुळशीबागेत नेलं. एकीचा हात सुटला. फोन नव्हते तेव्हा. आधी ठरवलं होतं, की चुकलं तर राममंदिराच्या दारात थांबायचं. अर्ध्या तासाने गेले तर ती पायरीवर बसून फुलवाल्या मावशींना गजरे ओवून देत होती. तेव्हापासून कुठेही गट घेऊन गेले तरी पहिलं काम तेच करते: चुकलो तर भेटायची जागा आधी ठरवायची, आणि प्रत्येकीकडून ती मोठ्याने म्हणवून घ्यायची.

लेकीला पोलंडआधी हा अनुभव मिळाला तर तिचं तिलाच कळेल, की हे काम तिला झेपतं का, आवडतं का. खर्चही डोंबिवली ते पुणे एवढाच.

तळटीप

ओंजळ आणि मास्तर, दोन्ही प्रतिसाद आवडले. माझं म्हणणं थोडं एकांगी होतं. संगमची माहिती भाचीला पाठवतोय.

डोंबिवलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धागा मोठ्याने वाचला घरात. निशिगंधचा प्रतिसाद तिच्या बाबांनी स्वतः पुन्हा वाचला. काही बोलले नाहीत, पण सकाळी जिल्हा कार्यालयाचा नंबर त्यांनीच शोधून फ्रिजवर लावलाय. संगमला ती पुढच्या आठवड्यात मॅडमबरोबर जाऊन येणार आहे.

ती आत्ता शेजारी बसलीय. तिचे दोन प्रश्न: मोजे किती न्यायचे, आणि रात्रपाळीला विजेरी हातात धरायची की डोक्याला बांधायची?

रानवाटा

मोजे आठ जोड, लोकरीचे किंवा जाड, सुती अजिबात नकोत. सुती ओले झाले की वाळत नाहीत आणि फोड येतात. त्यातला एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा बांधून तळाशी ठेवायचा, तो फक्त झोपताना. बाकी सगळं भिजलं तरी रात्री पाय कोरडे राहिले की सकाळी चालता येतं.

विजेरी डोक्याला बांधायची. दोन्ही हात मोकळे लागतात. तांबडा दिवा असलेली मिळते ती घे, म्हणजे तंबूंमधून जाताना झोपलेल्या पोरांच्या डोळ्यांवर उजेड जात नाही.